नवी आवृत्ती, जुना पाठ

संगणक-कंपन्यांची निवेदने हा काही साहित्याच्या अभ्यासकाने वाचण्याचा प्रकार नव्हे, असा आपल्याकडे एक समज आहे. मला तो मान्य नाही. 'आवृत्ती', 'पाठ', 'भाषांतर' हे शब्द आपण ज्या काळजीने वापरतो, तीच काळजी मागणारे प्रसंग त्या व्यवहारातही घडतात. फरक इतकाच, की तिथे शब्द सैल वापरले गेले तर त्याची किंमत कारखान्यांना आणि इस्पितळांना मोजावी लागते. अशा प्रसंगांपैकी २००१ सालचा एक मला विशेष बोलका वाटतो.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ह्यूलेट-पॅकर्ड या अमेरिकन कंपनीने आपल्या ई३००० या व्यावसायिक संगणकांच्या मालिकेचे नूतनीकरण जाहीर केले. 'ए' आणि 'एन' अशा दोन वर्गांतली नवी यंत्रे बाजारात आली. जुन्या ग्राहकांनी हायसे वाटून घेतले आणि अनेकांनी पैसे मोजले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला कंपनीने जाहीर केले, की ही मालिका आता बंद होणार. ३१ ऑक्टोबर २००३ नंतर तिची विक्री होणार नाही. म्हणजे नव्या आवृत्तीचे स्वागत आणि ग्रंथमालेचे विसर्जन यांत अंतर उणेपुरे नऊ महिन्यांचे.

हे संगणक मध्यम श्रेणीचे. एका टोकाला मोठ्या बँकांचा, खोलीभर पसरलेला मेनफ्रेम, दुसऱ्या टोकाला टेबलावरचा पीसी. या दोहोंच्या मध्ये एक जात होती आणि आजही आहे. मध्यम आकाराचा कारखाना, घाऊक वितरक, इस्पितळ अशा ठिकाणी एखाद्या कोपऱ्यात उभे राहून बिले, गोदामातला साठा आणि पगारपत्रके सांभाळणारे हे यंत्र. त्याच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही. पण दर महिन्याच्या एक तारखेला त्याच्यावाचून अडत असे.

या क्षेत्रातले दोन प्रतिस्पर्धी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ह्यूलेट-पॅकर्डचा एचपी ३००० हा १९७२ मधला. पहिला अवतार इतका निराशाजनक निघाला की तो मागे घ्यावा लागला; सुधारून आणल्यावर मात्र त्याने पाय रोवले. दुसरा आयबीएमचा एएस/४००. मिनेसोटातल्या रोचेस्टर इथे तो घडला आणि २१ जून १९८८ रोजी जाहीर झाला. मात्र त्याची मुळे १९७८ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३८ या यंत्रात आहेत. दोघांचेही ग्राहक निष्ठावंत, जवळजवळ सांप्रदायिक म्हणावेत असे. ही निष्ठा लोखंडावरची नव्हती, वीसवीस वर्षे खपून लिहून घेतलेल्या स्वतःच्या प्रोग्रॅम्सवरची होती. कंपनी विकते ते यंत्र, ग्राहकाचा असतो तो पाठ. 'नूतनीकरण' या शब्दाचा अर्थ लावताना हा भेद विसरला की सगळाच घोटाळा होतो.

आयबीएमने हा भेद यंत्राच्या रचनेतच मुरवला होता. एएस/४०० वर लिहिलेला प्रोग्रॅम थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरत नाही. आधी तो एका मधल्या, कोणत्याही विशिष्ट यंत्राशी न बांधलेल्या रूपात जातो. तिथून खालच्या प्रोसेसरच्या भाषेत त्याचे भाषांतर यंत्र स्वतः करते आणि ते मधले रूप जपूनही ठेवते. या तजविजीची खरी परीक्षा १९९५ मध्ये झाली. त्या वर्षी जुना ४८ बिटांचा प्रोसेसर जाऊन त्या जागी संपूर्ण वेगळ्या कुळातला, ६४ बिटांचा पॉवरपीसी आला. ग्राहकांनी जुन्या यंत्रावरचे प्रोग्रॅम टेपवर घेतले, नव्या यंत्रावर चढवले आणि यंत्राने त्यांचे पुन्हा भाषांतर केले. ज्यांच्याकडे मूळ संहिता उरली नव्हती, त्यांचेही प्रोग्रॅम चालले. अडले ते फक्त ज्यांनी डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी किंवा आपली कारागिरी लपवण्यासाठी ते मधले रूप काढून टाकले होते त्यांचे. त्यांना मूळ संहिता शोधणे भाग पडले. हस्तलिखितांचा अभ्यास केलेल्या कोणालाही ही हळहळ परिचयाची वाटेल.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती या संदर्भात आठवते. तुलना फार ताणू नये. तिथला व्यवहार भक्तीचा, इथला रोकड्याचा. पण नव्याने सिद्ध करायचे म्हणजे मूळ पुसायचे नव्हे, उलट मूळ वाचते राहील अशी सोय करायची, ही समज दोन्हीकडे आहे.

यावरून आयबीएमपाशी तंत्र होते आणि ह्यूलेट-पॅकर्डपाशी नव्हते, म्हणून एक टिकली आणि दुसरी बुडाली, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो चूक आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एचपी ३००० नेही प्रोसेसरचे कुळ बदलले होते आणि जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालवण्याची उत्तम व्यवस्था त्याच्या एमपीई या कार्यप्रणालीत केली होती. म्हणजे विद्या होती, अनुभव होता. उरली नव्हती ती इच्छा. सप्टेंबर २००१ मध्ये कंपनीने कॉम्पॅक विकत घेण्याचा मनोदय जाहीर केला. इतक्या मालिकांच्या त्या भाऊगर्दीत ई३००० ला कोणी वाली राहिला नाही, असे माझे मत आहे.

बंद करण्याचे कारण देताना कंपनीचा सूर असा होता, की या यंत्राभोवतीची परिसंस्था क्षीण होत चालली आहे. इथे व्याकरणाचा तास घ्यावासा वाटतो. 'क्षीण होणे' हे क्रियापद अकर्मक आहे. त्यात करणारा कुठेच दिसत नाही. पूर येतो, पीक करपते, तशी परिसंस्था क्षीण होते! आणि ज्या नव्या यंत्रांचा एवढा गाजावाजा झाला, त्यांच्यापैकी 'ए' वर्गातल्या यंत्रांचा वेग कंपनीने मुद्दाम रोखून ठेवलेला होता. त्याच जातीचे यंत्र युनिक्स कार्यप्रणालीसह घेतले तर ते अधिक वेगाने चाले. ग्राहक नव्या आवृत्तीचे पैसे देत होता आणि हातात पडत होते बांधून ठेवलेले पुस्तक. क्रियापद सकर्मक केले की वाक्य निराळे होते, आणि माझ्या मते खरे होते.

आयबीएमला मात्र यातून निर्दोष सोडण्याचे कारण नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षे त्या कंपनीनेही काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या कामाला कृत्रिम मर्यादा घातली आणि ती उठवण्यासाठी वेगळे, भरमसाट पैसे घेतले. म्हणजे जुना पाठ जपला खरा, पण तो वाचण्यावर पट्टी बसवली. शिवाय नावांचा खेळ होताच. २००० मध्ये एएस/४०० चा आयसिरीज झाला, २००४ मध्ये आय५, २००६ मध्ये सिस्टिम आय. २००८ मध्ये यंत्र पॉवर सिस्टिम्स या सामाईक मालिकेत विरून गेले आणि कार्यप्रणालीचे नाव 'आयबीएम आय' एवढेच उरले. इतके मोघम नाव शोधायलाही प्रतिभा लागते. वापरणारे अजूनही 'एएस/४००' असेच म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे. तरीही नावे बदलत राहिली आणि पाठ चालत राहिला. त्या कार्यप्रणालीची ७.६ ही आवृत्ती २०२५ मध्ये आली. ह्यूलेट-पॅकर्डने नावात ई-व्यापाराच्या हौसेचा एक 'ई' जोडला, बाकी नाव जपले आणि पाठ सोडून दिला.

आपल्याकडे या कथेचा दुवा बारीक आहे, पण खरा आहे. परकीय चलनाच्या कायद्यावरून आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली, नेमकी सिस्टिम/३८ च्या वर्षी. ती परतली १९९२ मध्ये, टाटांशी भागीदारी करून. पुढे पुण्या-मुंबईतल्या अनेक तरुणांनी परदेशी कंपन्यांचे आरपीजी भाषेतले जुने प्रोग्रॅम सांभाळण्याचे काम केले. कोणी, कधी, कशासाठी लिहिले ते ठाऊक नाही, लेखक निवृत्त झालेला, मधूनमधून दोन ओळींच्या टिपा. त्यावरून अर्थ लावायचा आणि एकही ओळ न बिघडवता दुरुस्ती करायची. संहिताचिकित्सेचा याहून कठोर वर्ग आपल्या विद्यापीठांतही क्वचितच भरत असेल. या मंडळींच्या श्रमाला 'देखभाल' असे रुक्ष नाव मिळाले आणि प्रतिष्ठा सगळी 'नवनिर्मिती'कडे गेली. साहित्यातही टीकाकार, संपादक, सूचिकार यांच्या वाट्याला वेगळे काय येते?

एचपी ३००० चे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. अधिकृत देखभाल २००६ मध्ये संपायची होती. ती दोनदा लांबवावी लागली आणि अखेर २०१० च्या शेवटी थांबली. कारण ग्राहक ठरल्या वेळी हललेच नाहीत. लाखो ओळींचा पाठ दुसऱ्या यंत्रावर नेणे हे निवेदनात एका वाक्याचे काम असते, प्रत्यक्षात वर्षानुवर्षांचे. २०१२ मध्ये स्ट्रोमासिस या कंपनीने साध्या संगणकावर एचपी ३००० चे सोंग हुबेहूब वठवणारा प्रोग्रॅम विकायला आणला. त्यावर मूळ एमपीई आणि जुने प्रोग्रॅम चालतात. एमपीईच्या दिनदर्शिकेत वर्षाच्या आकड्यासाठी सातच बिट ठेवलेले आहेत. १९०० पासून मोजत गेले, की १२७ वर्षांनी ते भरतात. म्हणजे ३१ डिसेंबर २०२७ नंतर त्या यंत्राला तारीख कळेनाशी होते. त्यावरचा उपाय कंपनीबाहेरच्या सल्लागारांनी तयार करून ठेवला आहे.