काजळीपासून आरएनएपर्यंत

लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी जडणाऱ्या कर्करोगाचा काजळीशी संबंध आहे, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्ये लिहिले. पण पोरांना धुराड्यात उतरवण्याची प्रथा खऱ्या अर्थाने मोडणारा कायदा ब्रिटनमध्ये व्हायला १८७५ साल उजाडले. कारण कळणे आणि ते दूर करणे यांतले हे अंतर कर्करोगाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

त्या कायद्यानंतर दोनच वर्षांनी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कोळशाच्या वाफेवरचे यंत्रयुग विदर्भाच्या कापसापर्यंत पोहोचले, पण त्या युगाने विलायतेत घेतलेल्या बळींचा बोध मागेच राहिला. तंबाखूचेही तेच झाले. डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५० मध्ये धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते आकड्यांनी मांडले, आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटावर इशारा सक्तीचा करणारा कायदा १९७५ मध्ये झाला, आणि भंडारा-गोंदियाच्या तेंदूपत्त्यात वळली जाणारी विडी अशा केंद्रीय कायद्याच्या कक्षेत यायला २००३ उजाडले. गरिबाच्या ओठांवरच्या धुराकडे कायद्याचे लक्ष सर्वांत शेवटी गेले.

दरम्यान विज्ञानाची नजर पेशीच्या आत वळली. १९६१ मध्ये जनुकाचा निरोप वाहून नेणारा संदेशवाहक आरएनए सापडला. तो निरोप कापून-जोडून तयार होतो, हे १९७७ मध्ये उमगले. आणि हा निरोप कुठे कापायचा, किती काळ टिकवायचा, प्रथिनात केव्हा उतरवायचा हे ठरवणारी आरएनए-बंधक प्रथिने आता फुप्फुसाच्या कर्करोगात संशयित आहेत. २०१४ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात आरबीएम१० या अशाच एका प्रथिनाच्या जनुकात बिघाड आढळले. एचयूआर हे दुसरे प्रथिन पेशीच्या वाढीचे निरोप लवकर नष्ट होऊ देत नाही. यांपैकी रोगाचे कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा निवाडा अजून व्हायचा आहे.

या शोधाचे मोल मोठे आहे. त्याच्या आडोशाने जुनी जबाबदारी टाळण्याचा मोहही तितकाच मोठा आहे. बिघाड पेशीत आहे म्हटले की धूर निर्दोष सुटतो. प्रत्यक्षात तंबाखूच्या धुरातली रसायने डीएनएला इजा करतात आणि पेशीतला पुढचा गोंधळ पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. म्हणून नागपूरच्या मेडिकल रुग्णालयात येणाऱ्या विडी ओढणाऱ्या मजुराच्या गाठीची रेणवीय तपासणी मोफत व्हावी, केसपेपरवर त्याच्या कामाची आणि व्यसनाची नोंद व्हावी, कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचे आणि धुराचे नियम काटेकोर पाळले जावेत. प्रथिनांचा निवाडा लागेपर्यंत थांबायचे कारण नाही. तंबाखूच्या धुराचा निवाडा लागून पाऊणशे वर्षे झाली.