नावेचं भंगार

लाकडी होडी म्हातारी झाली की चुलीत जाते. लोखंडी असेल तर भंगारवाला वजनावर उचलतो. फायबरची नाव मात्र कुणालाच नको असते! आपल्याकडे तापोळा-बामणोलीला शिवसागरात पर्यटकांच्या नावा आहेत, कृष्णाकाठी पुरासाठी ठेवलेल्या आहेत. त्या जुन्या झाल्यावर कुठे जाणार?

फायबर म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन. हे रेझिन एकदा घट्ट झालं की प्लास्टिकच्या बादलीसारखं परत वितळत नाही. जाळलं तर विषारी धूर होतो आणि काच तशीच मागे उरते. पुरलं तर कुजत नाही. मग नाव पडून राहते काठावर.

राहू दे की, कुणाला काय त्रास? असं वाटेल. पण ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायका-मुलांसह कितीतरी जीव गेले. तिथे क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. पाणी दाराशी आलं की माणूस नावेची क्षमता बघत नाही, मग तळाची चीर कुठून बघणार? म्हणून बाद झालेली नाव काठावर ठेवूच नये.

उपाय आहे बरं का. आधी इंजिन, बॅटरी, इंधनाची टाकी काढायची. मग पाणी मारत, मास्क लावून तुकडे करायचे आणि ते सिमेंटच्या भट्टीत पाठवायचे. तिथे रेझिन इंधन म्हणून जळतं, काच सिमेंटमध्येच मिसळते. जर्मनीत पवनचक्कीच्या पात्यांचं असं करतात. सिमेंटचे कारखाने आपल्या शेजारी बागलकोट जिल्ह्यात आहेतच.

चार नावांसाठी ट्रक कोण पाठवणार, हा प्रश्न रास्त आहे. पण वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांकडे बघा. तिथल्या पवनचक्क्यांची पातीही फायबरचीच, आणि जुन्या चक्क्या पंचवीस वर्षांच्या घरात आल्यात. पाती आणि नावा एकत्र धरल्या तर ट्रक नक्की भरेल. दोन्ही जिल्हा प्रशासनांनी पवनचक्कीवाल्यांना सोबत घेऊन हे जमवावं.

आणि हो, फ्रान्समध्ये २०१९ पासून नव्या नावेच्या विक्रीतूनच जुन्या नावा मोडायला पैसे निघतात. आपल्याकडेही सरकारी नाव घेताना टेंडरमध्येच मोडणीचा खर्च धरावा. आमच्या धंद्यात मेमरी घेणाऱ्यानेच ती परत करायची असते, नाहीतर बरा चाललेला प्रोग्राम एक दिवस बसतो. इथे तर प्रश्न माणसांचा आहे.