अणुभट्टीतला सदोष व्हॉल्व्ह आणि 'शांती' कायद्यातून गळालेले कलम

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानी दायित्व कायदा या दोन्हींची जागा घेणारा हा कायदा. त्यावर जी काही चर्चा झाली, ती बहुतेक खासगी कंपन्यांच्या प्रवेशाभोवतीच फिरली. आम्हाला मात्र दुसरा एक बदल जास्त काळजीचा वाटतो.

२०१० च्या कायद्यात कलम १७ (ख) होते. पुरवठादाराने दिलेल्या यंत्रसामग्रीत उघड किंवा छुपा दोष निघाला आणि त्यातून अपघात झाला, तर आधी प्रकल्प चालवणारी कंपनी भरपाई देईल. पण ती रक्कम पुरवठादाराकडून वसूल करण्याचा हक्क तिला राहील, असे हे कलम सांगत होते. त्याच वर्षी जूनमध्ये भोपाळचा निकाल लागला होता आणि देशभर संताप होता. त्या वातावरणात हे कलम कायद्यात आले. परदेशी कंपन्यांना ते कधीच रुचले नाही. नव्या कायद्यात ते राहिलेले नाही. करारात तसे लिहिले असेल किंवा कोणी मुद्दाम हानी केली असेल, तरच आता वसुलीचा मार्ग आहे.

सदोष भाग म्हणजे नेमके काय, हे कळल्याशिवाय या बदलाचे वजन कळत नाही. म्हणून आधी एका यंत्राकडे पाहू.

अणुभट्टी बंद केली तरी ती लगेच थंड होत नाही. बंद केल्या क्षणीही इंधनात पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होत असते. तासाभरानंतरही ती दीड टक्क्याच्या आसपास असते. ही उष्णता काढायला पाणी फिरत राहावे लागते, पाणी फिरवायला पंप लागतात आणि पंपांना वीज. बाहेरची वीज गेली तर आणीबाणीचे डिझेल जनरेटर काही सेकंदांत सुरू होऊन भार उचलतील, अशी योजना असते. प्रत्येक अणुभट्टीला असे किमान दोन जनरेटर असतात. वर्षातला बहुतेक काळ हे यंत्र नुसते उभे असते. ठरावीक दिवशी चाचणीसाठी ते सुरू करतात, थोडा वेळ चालवतात आणि पुन्हा बंद करतात. त्याच्यातला दोष म्हणूनच लपून राहू शकतो. रोज धावणाऱ्या एसटीचा बिघाड चालकाला आवाजावरून कळतो. इथे तशी सोय नाही.

दक्षिण कोरियात बुसान शहराजवळ कोरी नावाचा प्रकल्प आहे. तिथली पहिली अणुभट्टी १९७८ पासून वीज देत होती, देशातली सर्वांत जुनी. ९ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री ती इंधन बदलण्यासाठी बंद होती. एका चाचणीत कर्मचाऱ्याच्या हातून चूक झाली आणि बाहेरची वीज तुटली. दोन डिझेल जनरेटरांपैकी एक दुरुस्तीसाठी खोलून ठेवलेला होता. दुसरा सुरूच झाला नाही. हे मोठे इंजिन दाबाखालच्या हवेच्या झोताने फिरवून सुरू करतात. ती हवा सोडणारा विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह निकामी झाला होता. बारा मिनिटे अणुभट्टीला कुठलीच मुख्य वीज नव्हती आणि तेवढ्यात आतल्या पाण्याचे तापमान सुमारे वीस अंशांनी चढले. त्यानंतर बाहेरची वीज परत जोडता आली.

कोणी दगावले नाही, किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. पण त्या रात्री हजर असलेल्या अधिकाऱ्यांनी ठरवले की हे कुठे नोंदवायचे नाही. नोंदवह्यांतून घटना गायब झाली आणि इंधन हलवण्याचे काम पुढे चालू राहिले. महिनाभर देशाच्या नियामक मंडळाला पत्ता नव्हता. बुसानच्या एका नगरसेवकाच्या कानावर ही गोष्ट जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांतून आली, त्याने विचारणा सुरू केली, तेव्हा मार्चमध्ये ती उघड झाली. फुकुशिमाला नुकतेच एक वर्ष होत होते. तिथे काय घडले होते? त्सुनामीचे पाणी तळघरात शिरले आणि तिथले डिझेल जनरेटर बुडाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोरियात त्याहून मोठे प्रकरण बाहेर आले. आठ पुरवठादारांनी साठ दर्जा प्रमाणपत्रे बनावट केली होती आणि त्यांच्या आधारे सात हजारांहून जास्त सुटे भाग प्रकल्पांना विकले होते. वस्तू कोणत्या? फ्यूज, स्विच, पंखे. दुकानात मिळतील अशाच, फक्त अणुप्रकल्पासाठी तपासल्याचा कागद जोडलेल्या. योंगग्वांगच्या दोन अणुभट्ट्या बंद ठेवून हे भाग बदलावे लागले. पुढच्या वर्षी नियंत्रण केबलच्या चाचण्यांचे अहवालही खोटे निघाले, आणखी अणुभट्ट्या थांबल्या आणि सुमारे शंभर लोकांवर खटले भरले गेले.

या दोन्ही प्रकरणांकडे एकत्र पाहायला हवे. व्हॉल्व्ह बिघडणे हा काही गुन्हा नाही. लोखंड आहे, रबर आहे, ते कधीतरी दगा देणारच. कोरीच्या अधिकाऱ्यांनी तोंड बंद ठेवले, त्यामुळे तसाच व्हॉल्व्ह आणखी कुठे बसवला आहे का, हे विचारण्याची वेळच महिनाभर कोणावर आली नाही. एका प्रकल्पातला दोष बहुधा एकटा नसतो. त्याच कारखान्यातल्या त्याच खेपेतले भाग दहा ठिकाणी गेलेले असतात. दोन जनरेटर ठेवण्यामागे हिशोब असा की एक बिघडला तरी दुसरा आहे. पण दोघांतही एकाच खेपेचे भाग असतील, तर मग दुसऱ्याचा आधार कसला?

फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०११ मध्ये नेमके हेच समोर आले. तिथल्या डिझेल इंजिनांच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजत होती. ट्रिकास्तांच्या दोन अणुभट्ट्यांत सगळ्याच जनरेटरांना तीच बेअरिंगे होती. म्हणून नियामकाने त्या घटनेला आंतरराष्ट्रीय मापनात दुसरी पायरी दिली आणि ती जाहीर केली. कोरीच्या घटनेलाही पुढे तीच पायरी मिळाली. फरक एवढाच की फ्रान्समध्ये अपघात होण्याआधी लोकांना कळले.

अमेरिकेने हे काम कायद्यात बसवले आहे. १९७४ च्या कायद्यावर आधारलेला 'भाग २१' नावाचा नियम प्रकल्पाइतकाच पुरवठादारालाही लागू होतो. सुट्या भागात सुरक्षेला बाधक दोष असल्याची शंका आली, की साधारणपणे साठ दिवसांत छाननी पूर्ण करायची. दोष खरा ठरला तर दोन दिवसांत नियामकाला कळवायचे आणि महिन्याभरात लेखी अहवाल द्यायचा. माहिती असून दडवली, तर कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याला दंड. हे अहवाल कोणालाही वाचता येतात. आम्हाला त्यातली एक तरतूद विशेष महत्त्वाची वाटते: या कायद्याची सूचना कामाच्या जागी, कामगारांना दिसेल अशी लावावी लागते. अमेरिकेतले सगळेच आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. पण भिंतीवरचा तो कागद पाना हातात असलेल्या माणसाला सांगतो की बोलणे हा तुझा हक्क आहे.

आणि भारत? ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा प्रकल्पात टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला आणि आगीत केबल जळाल्या. मुख्य आणि पर्यायी पुरवठ्याच्या केबल एकाच वाटेने गेल्या असल्याने जनरेटर असूनही उपयोग झाला नाही. सुमारे सतरा तास प्रकल्प अंधारात होता. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी पाणी सोडून वेळ निभावली. कर्मचारी टॉर्च घेऊन अणुभट्टीच्या इमारतीत वर चढले आणि त्यांनी हाताने बोरॉन सोडले. त्या माणसांचे उपकारच म्हणायचे. पण त्या प्रकारच्या पात्यांत रचनेचा दोष आहे, हा इशारा मूळ रचना करणाऱ्या परदेशी कंपनीकडून अपघाताच्या काही वर्षे आधीच आलेला होता. अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी हे पुढे जाहीरपणे लिहिले. सूचना आली होती. पाती मात्र वेळेत बदलली गेली नाहीत.

नवा कायदा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा देतो. ही जुनी मागणी होती आणि तिचे स्वागतच आहे. पण पुरवठादारावरची आर्थिक जबाबदारी काढली, तर दोष स्वतःहून कळवण्याचे बंधन तरी तितकेच कडक हवे. दोन्ही नसतील, तर खोटे प्रमाणपत्र देणाऱ्याला भीती कशाची?

महाराष्ट्रासाठी हा दूरचा विषय नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या आहेत. जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या सहा प्रस्तावित आहेत आणि तिथल्या वाटाघाटी ज्या मुद्द्यांवर वर्षानुवर्षे अडल्या, त्यात हेच दायित्व होते. आपल्यातले कितीतरी तरुण आयटीआय किंवा डिप्लोमा करून अशा मोठ्या प्रकल्पांत कंत्राटदाराकडे काम करतात. व्हॉल्व्ह अडकतो आहे, बेअरिंग तापते आहे, नव्या भागावरचा शिक्का संशयास्पद आहे, हे सर्वांत आधी अशाच मुलांना दिसते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा मुलगा तक्रार लिहून देईल का? दिली, तर बारावा महिना त्याला मिळेल का?

म्हणून जनसुनावणीत, आमदार-खासदारांच्या भेटीत, युनियनच्या बैठकीत काही गोष्टी आपण स्पष्ट मागायला हव्यात. सदोष भागांचे अहवाल नियामक मंडळाने ठरावीक मुदतीत, पुरवठादाराच्या नावासह आणि मराठीतही प्रसिद्ध करावेत. दोष कळवणाऱ्या कंत्राटी कामगाराची नोकरी जाणार नाही, हे नियमात लिहावे. आणि तारापूरच्या डिझेल जनरेटरांच्या चाचण्यांत गेल्या दहा वर्षांत किती वेळा जनरेटर सुरू झाला नाही, तो आकडा पालघरच्या लोकांना द्यावा.