तराजूबाहेरचे मांजर

मांजराला पिशवीत घालून माणूस गुरांच्या दवाखान्यात येतो. डॉक्टर त्याच्या बरगड्या चाचपतात आणि ‘वजन फार झाले, खाणे कमी करा’ असे सांगतात. आणि मालक मनातल्या मनात म्हणतो की हा गाईबैलांचा डॉक्टर, याला मांजरातले काय कळते, आमचे मांजर तर खाऊनपिऊन सुखी आहे. मोठ्या शहरांत हा संवाद आता जुना झाला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तिरुवैयारू, पापनाशम, ओरत्तनाडू या बाजूच्या गावांत तो नवा आहे. वाद वरवर क्षुल्लक. पण ज्या भूमीने सहस्र वर्षे धान्य, सोने, जमीन आणि हत्ती काटेकोरपणे मोजले, तिथे मांजर मात्र कधीच कोणाच्या तराजूत का पडले नाही, असे विचारले की हा वाद दोन माणसांचा उरत नाही. जनावराच्या देहाचे मोल कोण ठरवतो आणि कशाच्या आधारावर, हा जुना प्रश्न त्यात पुन्हा डोके वर काढतो.

मांजराच्या जाडीची आपल्या वाङ्मयातली सर्वात मार्मिक चिकित्सा वैद्याने केलेली नाही, ती उंदराने केली आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी पांडवांना जी गोष्ट ऐकवतो, तीत गंगाकाठी हात वर करून तप करणारे मांजर उंदरांचा विश्वास संपादन करते आणि त्यांच्यावरच पुष्ट होत जाते. तेव्हा एक शहाणा उंदीर तीन पुरावे एकत्र मांडतो: तपस्व्याचे अंग भरत चालले आहे, आपली संख्या घटत चालली आहे, आणि कंदमुळे खाणाऱ्याच्या विष्ठेत केस नसतात. वाढता देह, बदलती परिस्थिती आणि विष्ठेची तपासणी या तिन्हींचा मेळ घालून काढलेला हा निष्कर्ष आजच्या कोणत्याही पशुवैद्यकाला शोभावा असा आहे. सातव्या शतकातील पल्लवांच्या शिल्पकारांनी मामल्लपुरमच्या विशाल शिलापटावर असे तपस्वी मांजर पायाशी उंदरांसह कोरले. उंदरांनी लावलेली रीत मात्र माणसांनी मांजराला कधी लावली नाही. ती लावली हत्तीला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हस्त्यध्यक्षाच्या प्रकरणात हत्तीच्या अंगकाठीच्या सात अवस्था क्रमाने सांगितल्या आहेत. नुकते रक्त भरू लागलेल्या कृश देहापासून सुरुवात करून, हाडे झाकली जाणे, कुशी भरणे, पाठ सपाट होणे असे टप्पे घेत ही श्रेणी ‘जातद्रोणिका’ या अवस्थेपर्यंत जाते, जिथे दोन्ही बाजूंच्या मांसामुळे पाठीचा कणा पन्हळीसारखा आत गेलेला दिसतो. कोणत्या अवस्थेच्या हत्तीकडून किती मेहनत करून घ्यायची, हे तिथे या पाहणीवरून ठरते. आज पशुवैद्यक जिला शरीरस्थितीची श्रेणी म्हणतात ती हीच कल्पना. फरक इतकाच की आधुनिक श्रेणी बहुधा नऊ पायऱ्यांची आहे आणि कौटिल्याची सात पायऱ्यांची. घोड्यांचा शिधाही याच ग्रंथात मापाने बांधून दिला आहे. राज्याला ज्या जनावराची गरज, त्याचा देह हा राज्याचा विषय; त्यावर मालकाचे प्रेम किंवा महाताचा अंदाज पुरेसा मानला जात नाही.

चोळांच्या काळात तर हे मोजमाप धर्माचाच भाग झाले. राजराजाचे बृहदीश्वर मंदिर 1010 मध्ये पुरे झाले, आणि त्याच्या भिंतींवरील लेखांत दागिन्यांचे सोने ‘आडवल्लान’ या देवाच्याच नावाच्या वजनाने तोललेले आहे, भात त्याच नावाच्या मापाने मोजलेले आहे. एक नंदादीप अखंड तेवण्यासाठी 96 मेंढ्या लागतात हा हिशेब तर चोळप्रदेशात रूढ होता. व्यक्तीच्या नजरेवर काही सोडायचे नाही, सर्वांनी मानावे असे माप आधी ठरवायचे आणि ते दगडावर कोरून ठेवायचे, ही त्या व्यवस्थेची शिस्त. तिच्या हिशेबात मेंढी आहे, गाय आहे, कारण त्यांचे तूप दिव्यात जळते. मांजराने कोणताच दिवा लावला नाही.

त्याला जागा मिळाली ती तत्त्वज्ञानात. त्रिभुज प्रदेशाच्या शिरोभागी असलेल्या श्रीरंगमच्या वैष्णव परंपरेत रामानुजांच्या अनुयायांचे पुढे दोन पंथ झाले, आणि त्यांपैकी तेंकलैंनी ‘मार्जारन्याय’ पत्करला: मांजरीचे पिल्लू स्वतः काहीच करीत नाही, आई त्याला तोंडात धरून नेईल तिकडे जाते, तसाच जीव ईश्वराच्या अधीन. दृष्टान्त सुंदर आहे, आणि आज घरात कोंडलेल्या मांजराला तो अक्षरशः लागू पडतो. काय खावे, किती खावे, कधी हिंडावे, यातले काहीच त्याच्या हाती उरलेले नाही.

यानंतरची साक्ष लोककथेची. ‘चांदोबा’ वाचून मोठ्या झालेल्या मराठी पिढीला विजयनगरचा तेनाली रामन नवा नाही. उंदरांचा सुळसुळाट झाला म्हणून कृष्णदेवरायाने घरोघर मांजरे वाटली आणि त्यांच्या दुधासाठी गाई दिल्या. रामनने आपल्या मांजराला एकदाच कढत दूध पाजले, ते तोंड पोळून दुधाला कायमचे भ्याले, आणि दूध रामनच्या घरच्यांनी प्याले. पुढे राजाने मांजरांची पाहणी केली तेव्हा सर्वांची गुबगुबीत आणि रामनचे तेवढे हडकुळे निघाले. कथा आपण रामनच्या चातुर्यासाठी सांगतो, पण तिच्या पोटात एक गृहीतक दडले आहे: दरबाराच्या नजरेत मांजराची जाडी हा मालकाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होता आणि कृशता हा अपराधाचा. मांजरे उंदरांसाठी दिली होती. तपासताना उंदीर किती मारले हे कोणी पाहिले नाही, मांजर किती फुगले हे पाहिले. पाचशे वर्षांनंतर गावातला मालक डॉक्टरांपुढे हाच पुरावा ठेवतो, आणि डॉक्टरांनी तो उलटा वाचला की अपमान झाल्यासारखा चिडतो.

1676 च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर आले आणि या प्रदेशाच्या स्मृतीत मराठीचा धागा विणला गेला. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या हाती 1799 च्या तहानंतर राज्यकारभार उरला नाही, पण त्यांनी जी जिज्ञासा जोपासली ती बऱ्याच सत्ताधीशांना साधलेली नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी ग्रंथ वाढवले, राजवाड्याच्या आवारात प्राणिसंग्रह ठेवला, आणि धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधांची सिद्धता करवली. तिथल्या नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, आजही ग्रंथालयात आहेत. रोग्याचे म्हणणे, वैद्याची पाहणी आणि उपचाराचा परिणाम एकाच कागदावर यावा, ही दृष्टी त्या काळात विरळा होती. त्याच ग्रंथालयाने पुढे नकुलाचे सचित्र अश्वशास्त्र 1952 मध्ये प्रसिद्ध केले, पालकाप्याचे गजशास्त्रही छापले. घोडा आला, हत्ती आला. मार्जारशास्त्राची उणीव कोणाला जाणवली असेल असे वाटत नाही, आणि त्यात नवल नाही: राजवाड्याच्या कोठारातले मांजर आपला शिधा आपणच मिळवीत होते.

इंग्रजी अमलातही क्रम तोच राहिला. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 चे, पुण्यात सुरू होऊन पुढे मुक्तेश्वरला गेलेली सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा 1889 ची, मद्रासचे महाविद्यालय 1903 चे. त्यांच्यापुढे लष्कराचे घोडे होते आणि बुळकांडीने मरणारी गुरे होती. मांजर सरकारी कागदावर आले ते प्लेगच्या निमित्ताने, आणि तेही आपल्या वऱ्हाडात. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अँड्र्यू ब्यूकॅनन अमरावतीत असताना त्यांनी गावागावांतून घरे किती आणि मांजरे किती याची मोजदाद केली, आणि ज्या गावांत मांजरे भरपूर तिथे प्लेग फिरकत नाही, असा सिद्धान्त 1908 मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून मांडला. त्याचे शास्त्रीय मोल काहीही असो, शासनाच्या माणसाने मांजराकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. त्यानेही मांजरे मोजली ती डोकी म्हणून; एकेका मांजराचा देह अजून कोणाच्याच प्रश्नाचा भाग नव्हता.

तो व्हावा अशी परिस्थिती त्रिभुज प्रदेशात गेल्या नव्वद वर्षांत हळूहळू तयार झाली. 1934 मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाले, 1960 च्या सघन शेती कार्यक्रमासाठी तंजावर जिल्हा निवडला गेला, कुरुवै, सांबा आणि ताळडी ही भाताची पिके निघू लागली. उंदीर वाढले, पण त्यांचा बंदोबस्त शेतातच होऊ लागला: तंजावरच्या नावानेच ओळखला जाणारा ‘किट्टी’ हा बांबूचा धनुष्यसापळा आणि त्याच्या जोडीला विषारी आमिषे. सर्वात मोठा बदल घरात झाला. 1972 मध्ये राज्याचे नागरी पुरवठा महामंडळ आले, भात खळ्यावरून थेट खरेदी केंद्रावर जाऊ लागले, आणि घराच्या कोपऱ्यातली मातीची उंच कणगी रिकामी होत गेली. कणगी गेली तशी मांजराची नोकरी गेली. मोलाने राहणारे जनावर लाडाने राहू लागले आणि ज्या समाजापाशी त्याच्या अंगकाठीचे कोणतेही परंपरागत माप नव्हते त्याच्या हाती ते पूर्णपणे सोपवले गेले.

इथे एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण मालक आणि डॉक्टर दोघेही ती बऱ्याचदा विसरतात. मराठी घरातला दूधभात काय आणि तंजावरच्या अग्रहारातला दहीभात काय, मांजराचे ते कधीच पूर्ण अन्न नव्हते. तो वरचा घास होता. खरे जेवण उंदीर, पाली, पाखरे यांचे, म्हणजे मांसाचे होते, आणि शाकाहारी घरातले मांजरही ते बाहेर उरकून येत असे. मांजर निसर्गतः मांसाहारी. त्याला लागणारे टॉरीन हे पोषकद्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही, आणि ते न मिळाल्यास हृदयाचे स्नायू ढिले पडून हृदय फुगते, हे कॅलिफोर्नियातील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवून दिले. शिकार थांबली आणि दहीभातच सर्वस्व झाला, की तेच मांजर एकाच वेळी लठ्ठ आणि कुपोषित होऊ शकते. आपल्या पूर्वजांनी मांजर दूधभातावर वाढवले हा मालकांचा दाखला म्हणूनच अर्धाच खरा आहे; पूर्वजांच्या मांजराचा उरलेला अर्धा आहार त्यांना दिसतच नव्हता. शहरी वळणाच्या घरांत दहीभाताची जागा पाकिटातल्या कोरड्या दाण्यांनी घेतली, तिथे टॉरीन असते, पण वाटी दिवसभर भरलेली असते. त्यात नसबंदी झालेल्या मांजराची ऊर्जेची गरज घटते, तर वाटी तेवढीच राहते.

आता वादाकडे. पुरिना या पशुखाद्य कंपनीच्या डॉटी लाफ्लॅम यांनी 1997 मध्ये मांजरांसाठी नऊ पायऱ्यांची श्रेणी सिद्ध केली, तेव्हापासून बरगड्या बोटांना लागतात का, वरून पाहता कंबर दिसते का, यावर मत देता येते. मालक आपल्या जाड मांजराला बेताचे समजतो हे पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांत पुन्हापुन्हा दिसले आहे. अमेरिकेत 2022 च्या पाहणीत तर पशुवैद्यकांनी सुमारे 61 टक्के मांजरे प्रमाणाबाहेर जाड ठरवली. रोज पाहणाऱ्या डोळ्याला हळूहळू होणारी वाढ दिसत नाही, हे त्याचे साधे कारण. आणि भरलेले अंग म्हणजे भरलेले घर, ही तेनालीच्या काळापासूनची समजूत हे दुसरे.

पण डॉक्टरांचाही पक्ष निर्दोष नाही. आपल्या गावठी मांजराची हाडपेर बारीक. त्याला पाच किलो म्हणजे भारी असू शकतात, तर पर्शियन बोक्याला तेवढे वजन बेताचे असते, तेव्हा काट्यावरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. मांजराच्या पोटाखाली लोंबणारी सैल कातडी पुष्कळदा निसर्गदत्त असते, तीही चरबी म्हणून मोजली जाते. आणि ‘खाणे कमी करा’ हा तीन शब्दांचा सल्ला घातक ठरू शकतो: लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न सोडले तर अंगातली चरबी यकृतात साठून ते दगावण्यापर्यंत पाळी येते. मालक मांजराला वर्षभर पाहतो, डॉक्टर काही मिनिटे. मांजर उडी मारायला कचरते का, अंग चाटायला वळते का, हे मालकालाच ठाऊक असते. दोघांपैकी एकाने ही पाहणी विचारावी आणि दुसऱ्याने ती सांगावी, इतके साधे काम सरफोजीराजांच्या टिपणांनंतर दोनशे वर्षांनीही आपल्या दवाखान्यांतून होत नाही, हे आमच्या मते या वादाचे खरे मर्म आहे.

तेव्हा ओरत्तनाडूला 2012 मध्ये निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाने पुढाकार घ्यावा, अशी आमची सूचना आहे. त्रिभुज प्रदेशातील गावठी मांजरांची वजने आणि अंगकाठी यांची पाहणी करावी, तिच्यावरून बेतलेला चित्रमय तक्ता तमिळमध्ये छापावा आणि प्रत्येक गुरांच्या दवाखान्यात लावावा. हे काम मुंबईच्या आणि नागपूरच्या महाविद्यालयांनी मराठीत करायलाही हरकत नाही. तोवर मालकांनी महिन्यातून एकदा मांजराला उचलून काट्यावर उभे राहावे, त्यातून आपले वजन वजा करून आकडा वहीत लिहावा, भरल्या वाटीऐवजी ठरलेल्या वेळी मोजून वाढावे, घास कमी करायचा तो आठवड्या-आठवड्याने करावा, आणि मांजराने सलग एक दिवस काहीच खाल्ले नाही तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.