खारीचा वाटा खारीला द्या

गाढवाची बदनामी आपण उघडउघड करतो. खारीची करतो ती मात्र स्तुतीच्या नावाखाली. कुठल्याही समारंभाला जा. सत्कारमूर्ती उठतात, गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवतात आणि घसा खाकरून म्हणतात, "या कार्यात माझा आपला खारीचा वाटा!" हा वाटा बाहेर कोनशिलेवर चांगला ठळक कोरलेला असतो. सेतू बांधताना खारीनं वाळू टाकली म्हणतात. पण सेतूवर माझ्या नावाची फरशी बसवा, असा तिनं अर्ज केल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझं भांडण त्याच्याही पुढचं आहे. खारीचा वाटा म्हणजे किरकोळ वाटा, हा हिशेबच मुळात चुकलेला आहे. मी बी.कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळतो आहे. स्वतःची ठेव नसल्यामुळे या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकतो.

अमेरिकेतली करडी खार घ्या. हिवाळ्याच्या तोंडावर ती एकेक फळ वेगवेगळ्या जागी पुरते. सगळी पुंजी एका शाखेत ठेवू नये, हे तिला शाखांवरच राहत असल्यामुळे ठाऊक असावं. दुसरी खार टेहळणी करते आहे असा संशय आला, तर ती खड्डा खणते, ठेवल्याचं नाटक करते, माती सारखी करते आणि फळ तोंडात तसंच धरून पसार होते. पांढऱ्या ओकचं फळ जमिनीत पडताच रुजू लागतं. म्हणून पुरण्याआधी ती त्याचा अंकुरच कुरतडून टाकते. ठेव मुदतीआधी मोडू नये, हे आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो. तिला मोडही येऊ नये, ही दूरदृष्टी खारीची!

पुरलेल्या बऱ्याच जागा तिच्या लक्षात राहतात, पण काही ठेवी उचलायच्या राहूनच जातात. त्यांची झाडं होतात. आमच्याकडे दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. खारीच्या बेवारस ठेवींचं जंगल होतं. सैबेरियात कोलिमा नदीच्या काठी एका खारीनं बिळात साठवलेली फळं गोठलेल्या मातीत सुमारे बत्तीस हजार वर्षं पडून होती. त्यांच्या पेशींपासून रशियन शास्त्रज्ञांनी जिवंत, फुलणारी रोपं तयार केली, आणि २०१२ साली तसं जाहीर केलं. इतकी जुनी पावती आमच्या काउंटरवर आली असती, तर आम्ही आधी सही जुळत नाही म्हणून परत पाठवली असती.

तुम्ही म्हणाल, परदेशी खारींचं कौतुक पुरे. आमची खार वायरी कुरतडते. कुरतडणारच! तिचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. झिजवले नाहीत तर तोंड मिटायची पंचाईत. आणि ती किरकोळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ९ डिसेंबर १९८७ ही तारीख आठवावी. त्या दिवशी अमेरिकेत एका खारीनं वीज घालवली आणि नॅस्डॅकचा शेअर बाजार तासाभराहून अधिक वेळ ठप्प झाला. आमच्या युनियनला हे संप करून जमलेलं नाही.

आता घरचा मामला. शेकरू, म्हणजे आपली मोठी खार, हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तिच्यासाठी भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं. शेपटासकट तीनेक फूट लांबीचा हा जीव जमिनीवर क्वचितच उतरतो. वीस-वीस फुटांची झेप घेतो, पण झेपेच्या पलीकडे फांदी लागते. एकमेकींना भिडलेल्या फांद्या हाच त्याचा रस्ता आणि हाच पूल. मधली चार झाडं पाडून आपण त्याला रुंदीकरण म्हणतो. शेकरूच्या दृष्टीनं तो पूल पडलेला असतो.

शहरातही तेच. पार्किंगमधल्या गाडीवर पानं पडतात, एवढ्यावरून सोसायटीच्या सभेत पन्नास वर्षांचं झाड "धोकादायक" ठरतं. झाडं जपण्याचा कायदा १९७५ पासून आहे. म्हणून परवानगीचा अर्जही रीतसर होतो. बदल्यात पाच रोपं लावतात, त्यांचे फोटो काढतात. पण रोपावर घरटं बांधता येत नाही, आणि खारीनं ते मोठं होईपर्यंत कुठं थांबायचं, याचा ठरावात उल्लेख नसतो. त्याच सभेच्या शेवटी चेअरमन नम्रपणे सांगतात, "सोसायटीच्या सुशोभीकरणात माझा खारीचा वाटा!"

म्हणून माझी मागणी साधी आहे. या शब्दप्रयोगाचा अर्थ बदला. खारीचा वाटा म्हणजे आपण दिलेली चिमूटभर वाळू नव्हे. खारीचं जे देणं लागतो, ते. एक जुनं झाड आणि त्याच्या शेजारी, फांदीला फांदी लागेल असं दुसरं. ज्यांच्यानं तेवढं होत नसेल, त्यांनी भाषणात खुशाल सिंहाचा वाटा म्हणावं. सिंह तक्रार करायला आपल्या गल्लीत येणार नाही.