नाशिकचा हिरा आणि पावती करणारे चोर

१/ आरंभ थोडा दूरवरून करतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात एक चोरी उघडकीस आली. बफेलो ट्रेस या मद्यनिर्मितीशाळेतून ‘पॅपी व्हॅन विंकल’ या दुर्मीळ व्हिस्कीच्या सुमारे दोनशे बाटल्या नाहीशा झाल्या होत्या. वीस वर्षे लाकडी पिंपात मुरलेली ही व्हिस्की पैसे मोजूनही सहजासहजी मिळत नाही. २०१५ मध्ये एका निनावी खबरीवरून पोलीस तिथल्याच एका कर्मचाऱ्याच्या घरी गेले, तेव्हा चोरीची व्हिस्कीची पिंपे घरामागे उभीच होती!

२/ अशा चोरांना आपण हसतो. माल ओळखू येईल अशा रूपात स्वतःच्याच दारात ठेवायचा, याला काय म्हणावे? परंतु याच हसण्यात एक सूत्र दडलेले आहे. चोरीची वस्तू जोवर ओळखू येते, तोवर चोर चोरच असतो. ओळख पुसली की तोच मनुष्य मालक होतो. नाशिकच्या हिऱ्याची कथा या दुसऱ्या प्रकारची आहे.

३/ इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘नासक डायमंड’. हे ‘नासक’ म्हणजे आपले नाशिक. १८१८ मध्ये, तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या जडजवाहिरासह तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्यामार्फत तो ‘दख्खनच्या लुटी’चा भाग म्हणून लंडनला पोहोचला.

४/ ‘लूट’ हा शब्द माझा नाही, त्यांचाच आहे. युद्धात मिळालेली संपत्ती विकून सैन्यात वाटण्याची रीतसर पद्धत होती. दख्खनच्या लुटीतील वाट्यावरून सेनापतींमध्ये वर्षानुवर्षे तंटा चालला आणि या निधीचे एक विश्वस्त होते खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन. याद्या होत्या, हिशेब होते, सह्या होत्या. निष्काळजीपणाचा लवलेशही नव्हता.

५/ या व्यवस्थेला न्यायालयात आव्हान मिळालेच नाही, असे नाही. रायगडाचे किल्लेदार नारोबा औटी यांची संपत्ती पेशव्यांचा खजिना समजून पुण्यात जप्त झाली. मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने निकाल औटींच्या बाजूने दिला. १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. कारण काय? ही युद्धकाळातील जप्ती आहे, सबब दिवाणी न्यायालयाला तिच्यात हात घालण्याचा अधिकारच नाही. दरोड्याला कायद्याचे कुंपण कसे घालतात, हे शिकायचे असेल तर हा खटला अवश्य अभ्यासावा.

६/ आता हिऱ्याकडे वळू. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो अवघ्या ३,००० पौंडांना घेतला आणि नव्याने पैलू पाडले. आपल्याकडचे जुने कारागीर वजन राखण्यास महत्त्व देत. युरोपास झळाळी हवी होती. वजन सुमारे ८० कॅरटवर आले. १८३७ च्या लिलावात मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांनी तो ७,२०० पौंडांना विकत घेतला व पुढे तो त्यांच्या तलवारीच्या मुठीत बसला. पेशव्यांच्या जामदारखान्यातून निघालेला हिरा इंग्रज उमरावाच्या समारंभी शस्त्राचा अलंकार झाला!

७/ विसाव्या शतकात तो अमेरिकेत गेला, तेव्हा जकातीवरून वाद उपस्थित झाला. ही शंभर वर्षांहून जुनी कलात्मक पुरावस्तू आहे, म्हणून करमुक्त. की दागिन्यात जडवायचा केवळ एक हिरा आहे, म्हणून करपात्र? १९३० मध्ये तेथील अपील न्यायालयाने दुसरा पक्ष उचलून धरला. नाशिकचा इतिहास जकातीच्या कोष्टकातून असा वगळला गेला.

८/ १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो पॅरिसमध्ये घेतला आणि पुन्हा घासला. उरले ४३.३८ कॅरट. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर मिळाले. मूळ वस्तूचा निम्म्याहून अधिक भाग कायमचा गेला, आकार गेला, जुन्या कारागिराच्या हाताची खूण गेली. व्हिस्कीची बाटली चोरणारा ती पिऊन टाकतो, तेव्हा पुरावाही संपतो. इथे पुरावा सहाणेवर संपवला गेला, तोही प्रत्येक वेळी पावती करून.

९/ म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. ‘आमचा हिरा परत द्या’ ही घोषणा न्याय्य आहे, पण अपुरी आहे. हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या चरणी होता, शिवाचा नेत्र होता, असे सर्रास सांगितले जाते. श्रद्धेचा आदर राखूनही आपण विचारले पाहिजे: समकालीन कागद कोणता? ज्यांनी लुटले त्यांच्यापाशी याद्या आहेत आणि ज्यांचे लुटले गेले त्यांच्यापाशी आख्यायिका, ही स्थिती कोणत्याही दाव्याला दुबळे करते. आख्यायिका सांगावी, पण तिला पुरावा म्हणू नये.

१०/ ही गोष्ट केवळ जुनी नाही. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याने ठरावीक वर्गातील पुरावशेषांची नोंदणी आवश्यक केली. तरीही गावोगावच्या वीरगळांचे, सुट्या मूर्तींचे साधे छायाचित्रही अनेकदा उपलब्ध नसते. मोडी दफ्तरे रद्दीत जातात. उद्या यातले काही परदेशातील लिलावात दिसले, तर ‘हे आमचेच’ हे आपण कशाच्या आधारे सिद्ध करणार? चोर काळजीपूर्वक काम करणारा असेल आणि मालक निष्काळजी, तर निकाल आधीच ठरलेला असतो.

११/ तेव्हा पुढच्या वेळी सिन्नर, अंजनेरी किंवा आपल्या गावच्या वेशीवर जाल, तेव्हा फक्त सेल्फी काढून परतू नका. शिल्पाचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्या, मापे घ्या, स्थळ व दिनांक लिहा आणि ती नोंद पुरातत्त्व खात्याकडे, स्थानिक ग्रंथालयाकडे पोहोचवा. हिरा ९० कॅरटचा असताना त्याची मापे व चित्र आपल्यापैकी कोणी कागदावर उतरवले असते, तर आज आपण केवळ हळहळत बसलो नसतो.