पडद्यामागील कारभारी

गतवर्षी पांढुर्ण्यास आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांचे नाटक उत्तम रंगले. पोशाख सौंसरहून यावयाचे होते; पण ठरविलेली गाडी ऐन वेळी आलीच नाही. नववीतील एका मुलाने धावपळ करून दुसरी गाडी मिळविली आणि पडदा वेळेवर उघडला. बक्षीस-समारंभात मात्र मी राजा, राणी, विदूषक या साऱ्यांना व्यासपीठावर बोलाविले. तो मुलगा त्या वेळी मागे सतरंज्या गुंडाळीत होता. ही चूक माझी, आणि ती मनाला लागून राहिली आहे.

चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या क्षेत्रात अशा कामास स्वतंत्र पद आहे : निर्मिती व्यवस्थापक. कोणता प्रसंग कोणत्या दिवशी, कोठे व किती माणसांनिशी चित्रित करावयाचा, हे तो आखतो. परवानग्या, वाहने, भोजन, निवास आणि रोजचा खर्च त्याच्याच माथी. पाऊस आला तर दिवस फुकट जाऊ नये म्हणून छपराखालचा एखादा प्रसंग तो तयार ठेवतो.

हे काम आपल्या चित्रपटाइतकेच जुने आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्याच्या चित्रीकरणासाठी मंडळी वांगणीस गेली, तेव्हा त्यांच्याजवळील तलवारी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले. मंडळी अडकून पडली; दादासाहेब आल्यावरच उलगडा झाला. आगाऊ वर्दी देण्याचे मोल याहून स्पष्ट कोण सांगणार? इकडे सरस्वतीबाई फाळके मंडळींचा स्वयंपाक करीत, पोशाख धूत आणि कच्च्या फिल्मला छिद्रेही पाडीत. दादासाहेबांचे नाव आपण आदराने घेतो, ते योग्यच; पण सरस्वतीबाईंचे नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

कोणी म्हणेल, व्यवस्थेने कला निर्माण होत नाही. खरे आहे, परंतु व्यवस्थेवाचून ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचतही नाही. ज्याला अभिनय साधत नाही त्याच्यासाठी उरलेले हे काम नव्हे. त्यास चोख हिशेब, गोड वाणी आणि संकटात न डगमगणारे मन लागते. पालकांनीही या गुणांकडे कौतुकाने पाहावे.

यंदाच्या संमेलनात व्यवस्था पाहणाऱ्यांसही बक्षीस असावे, आणि ते त्याच व्यासपीठावर दिले जावे. पहिले नाव कोणाचे पुकारावयाचे, हे मला ठाऊक आहे.